सव्वाआठला घरी पोचते, मग मुलीला शिकवू कधी?

पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापून देतेय:

"ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत, इंग्लिश मीडियम. मी लोअर परळला अकाउंट्समध्ये आहे, सकाळी पावणेआठला घर सोडते ते रात्री सव्वाआठला परत. मिस्टर महापेला, त्यांची शिफ्ट बदलती. मुलीला सासूबाई सांभाळतात. मागच्या शनिवारी पीटीएमला टीचर सगळ्यांसमोर म्हणाल्या की ही रायटिंगमध्ये मागे आहे, एस उलटा काढते, घरी इंग्लिश बोलत नाही तुम्ही, पेरेंट्सनी वेळ द्यायला हवा. ग्रुपवर बाकीच्या आया रोज वर्कशीटचे फोटो टाकतात. मिस्टर म्हणतात एवढी फी कशाला भरतोय मग. सासूबाई मालवणी बोलतात, सातवीपर्यंत शिकल्यात, आता त्या नातीशी बोलायलाच बिचकतात, टीव्ही लावून देतात. महिना २५०० चा फोनिक्स (अक्षरांच्या आवाजावरून इंग्लिश वाचायला शिकवतात तो) क्लास लावू का? का नोकरीच सोडू? रात्री वर्कशीट घेऊन बसलो की दोघी रडतो." — डोंबिवलीची एक आई

अगं, सगळ्यात आधी ते रात्रीचं वर्कशीट बंद कर. आजपासून, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल. रात्री नऊ वाजता पेंगुळलेलं साडेचार वर्षांचं पोर, आणि समोर गाडीत एका पायावर उभी राहून घरी आलेली, डोक्यात उद्याच्या डब्याची भाजी घोळणारी आई, ह्या दोघींनी मिळून उलटा एस सुलटा करायचा, कसं होणार ते, रडूच येणार ना. त्यात तुझी चूक नाही आणि तिची तर अजिबातच नाही.

हे मी वरून बोलत नाहीये बरं का. २६ वर्षं बालवाडीत काढली मी, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना हसत हसत गाणी शिकवायचे आणि संध्याकाळी घरी आले की माझ्याच लेकाला बेरजेवरून धपाटा. दर रविवारी संध्याकाळी त्याच्या पोटात दुखायला लागायचं. मी ओवा द्यायचे. जवळजवळ वर्षभर ओवा दिला मी त्याला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की दुखणं रविवारीच का येतं, शुक्रवारी कसं येत नाही. बालवाडीची बाई बरं का मी! असो. आता तो पस्तिशीला आलाय, बेरजा बऱ्या येतात त्याला, ओवा मात्र बघवत नाही.

आता उलट्या एसचं. या वयात अक्षरं उलटी काढणं अगदी नेहमीचं आहे, सहा-सात वर्षांपर्यंत कित्येक मुलं काढतात आणि आपोआप सुटतं. आणि हाताचं एक सांगते, आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात, बाळ जन्मतं तेव्हा ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते, मग एकेक करत ती घट्ट होत जातात आणि आठही पुरी व्हायला वय दहा-बाराच्या आसपास जातं. म्हणजे साडेचार वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन चार रेघांच्या वहीत पानभर एस काढायला लावणं म्हणजे अजून पुरता न बनलेल्या हाताकडून पुऱ्या हाताचं काम. तिला लिहिता येईल ग, आधी हात तयार व्हायला हवा. आणि हात तयार होतो कणीक तिंबून, मटार सोलून, कपड्यांचे चिमटे उघडून-मिटून, बटणं लावून, रांगोळीची चिमूट सोडून. वर्कशीटवर नाही.

आणि मागे म्हणजे कोणाच्या मागे? सरकारचं जे नवीन शैक्षणिक धोरण आहे २०२० चं, त्यात ३ ते ८ वर्षं हा सगळा मिळून एकच पायाभूत टप्पा धरलाय, पहिली सहा वर्षांनंतर. वाचता-लिहिता आणि साधा हिशोब यायला हवा म्हणून जे निपुण भारत सुरू झालं २०२१ मध्ये, त्याचं टार्गेटसुद्धा तिसरी संपेपर्यंतचं आहे. तिसरी! आणि तुझी मुलगी ज्युनिअर केजीत. आठ-नऊ वर्षांच्या पोराने जे गाठायचं ते साडेचारच्या पोरीला नाही आलं म्हणून तू नोकरी सोडायची गोष्ट करतेस. टीचरना दोष देत नाही मी, त्यांनाही वरून सिलॅबस संपवायचं प्रेशर असतं, मी भोगलंय ते, पण सगळ्यांसमोर बोलायला नको होतं हे मात्र खरं.

नोकरी सोडू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको. घराच्या हप्त्याचं काय ते तू लिहिलं नाहीस पण डोंबिवलीत राहून लोअर परळला कोणी हौसेने जात नाही. आणि नोकरी सोडून दिवसभर घरी बसून तू तिच्याकडून वर्कशीटच करून घेणार असशील तर त्यापेक्षा ती आजीकडे बरी आहे.

मग वेळ आणायचा कुठून. हे बघ, वेळ काढा वेळ काढा म्हणून सगळे सांगतात, मीपण पालकसभेत तेच सांगायचे, आणि समोरच्या आया माना डोलवायच्या आणि घरी जाऊन रडायच्या. वेळ नाहीच आहे तुझ्याकडे, मी पत्रातून हिशोब केला, सकाळी सव्वा तास आणि रात्री दीडेक तास, आणि या दोन्ही वेळेत तुझे हात कामात. नवीन वेळ येणार नाही. जो आहे, त्या कामात तिला ओढायचं, बस. तू स्वयंपाकघरात आणि ती बाहेर टीव्हीपुढे, "आई काम करतेय ना, मग बसूया हं अभ्यासाला", हे जे आपण करतो ना, हेच उलटं आहे. ते काम हाच अभ्यास आहे तिच्या वयाचा.

ताराबाई वगैरे नावं ऐकून कंटाळू नकोस, पण इथे ताराबाई मोडकांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण अंगणवाडी अंगणवाडी म्हणतो त्या कल्पनेमागे ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ आहेत. १९४५ साली बोर्डीला काम सुरू झालं, पुढे १९५७ ला डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर. तिथली आदिवासी पोरं शाळेत येईनात, तर पोरांना नावं न ठेवता ह्या बायकांनी वाडीतल्या अंगणातच बालवाडी भरवली. गुरं राखायला जाणारी मुलं तरी सुटतायत म्हणून मग कुरणशाळा, म्हणजे गुरं चरतायत आणि तिथेच कुरणात शाळा. खेळणी म्हणून काय, तर बिया, पानं, शंख, दगड, जे आजूबाजूला पडलंय ते. मुलाला वेळ नाही? मग मूल जिथे आहे तिथे शाळा नेऊ. तुझ्या घरात फक्त उलटं झालंय, मुलीला वेळच वेळ आहे आणि आईला नाही, मग आई जिथे आहे तिथे शाळा ने. आई कुठे आहे? ओट्यापाशी.

आता ओट्यापाशी काय करायचं ते नीट सांगते कारण नुसतं इन्व्हॉल्व करा म्हटलं की काही कळत नाही.

पोळ्या करतेस तेव्हा तिला लिंबाएवढा गोळा दे, पोळपाटाच्या कडेला बसव. ती उंदीर करेल, साप करेल, सापाचा एस होईल (झालाच तर, तू मुद्दाम बघू नकोस, तिला लगेच कळतं आपण अभ्यासाचं काढतोय ते). वाटाण्याच्या शेंगा असल्या तर ताटात ओतून दे, एका शेंगेत किती दाणे निघतात बघ म्हणावं, कोणाच्या शेंगेत जास्त, तुझ्या का माझ्या. आठ निघाले की घरभर बातमी. जेवायला बसायच्या आधी ताटं तिने मांडायची, आज बाबा नाहीत मग किती, मावशी आलीय मग किती, ही बेरीज-वजाबाकी आहे ग बाई, आणि इथे चुकलं तर लाल फुली नाही पडत, एक ताट कमी पडतं आणि ती स्वतःच धावत जाऊन आणते. रविवारी कपड्यांच्या घड्या, मोज्यांच्या जोड्या लावायच्या तिने. चिमटे रंगाप्रमाणे वेगळे. डब्यातले मूग आणि मसूर मिसळले तर ओरडू नकोस, वाटी दे दोन आणि निवडायला सांग, पंधरा मिनिटं गप्प बसते, तुझी भाजी फोडणीला पडते तोवर.

सांडेल. हे आधीच सांगते. पहिले आठ दिवस काम वाढेल, कणीक स्टूलला चिकटेल, आणि तुला वाटेल ताईला काय जातंय सांगायला. आठ दिवस सोस.

आकड्यांवरून आठवलं. जिना चढताना पायऱ्या मोजता का? मोजा, एकदा मराठीत एकदा इंग्लिशमध्ये. आपल्या मराठी आकड्यांची एक गंमत आहे, तेवीस म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी, एकोणतीस तर ऐकू येतो तिसासारखा आणि लिहायचा दोन-नऊ. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' असंही दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? मला त्यात एवढं भडकण्यासारखं काही वाटलं नव्हतं, पोरं अडखळतात तिथेच ते बोट ठेवलं होतं. पण सांगायचं काय तर तुझी मुलगी आजीकडून एकोणतीस आणि शाळेत ट्वेंटी नाईन ऐकते आणि मधेच गोंधळते, तर ते बुद्धी कमी म्हणून नाही, दोन वेगवेगळ्या रचना एकदम डोक्यात बसवतेय ती. पुढच्या वेळी गोंधळली की हसायचं नाही.

आता सासूबाईंचं, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. चार ओळींत लिहून मोकळी झालीस, पण घरात एक बाई आहे जिच्याकडे नातीसाठी दिवसाचे बारा तास आहेत आणि आपण तिला गप्प केलं. शाळेने घरी इंग्लिश बोला सांगितलं, मग तुम्ही दोघं थकलेल्या इंग्लिशमध्ये "कम, ईट, स्लीप" आणि आजी टीव्हीच्या रिमोटपाशी. हे चारपाच वर्षांच्या पोराचं फार मोठं नुकसान आहे, वर्कशीटपेक्षा कितीतरी मोठं. मुलाचं डोकं शब्दांवर वाढतं, आणि शब्द टीव्हीतून येत नाहीत कारण टीव्ही उत्तर देत नाही, ते येतात समोरचं माणूस आपल्याशी बोलतं, आपण काहीतरी बोबडं उत्तर देतो, ते माणूस पुन्हा काहीतरी विचारतं, अशा देवाणघेवाणीतून. कुठल्याही भाषेत चालतं. ज्या भाषेत घरातलं माणूस भरभरून बोलतं त्या भाषेत जास्त चालतं. ते २०२० चं धोरणसुद्धा निदान पाचवीपर्यंत जिथे जमेल तिथे घरच्या भाषेतूनच शिकवा म्हणतं. तुम्ही इंग्लिश मीडियम निवडलंत, ठीक आहे, तो तुमचा निर्णय, त्यावरून मी वाद घालणार नाही, पण शाळेचं इंग्लिश शाळेत येऊ दे. ज्या पोरीला एका भाषेत गोष्ट सांगता येते तिला दुसऱ्या भाषेतही सांगता येते, थोडी उशिरा.

तर सासूबाईंना जाऊन स्पष्ट सांग, आई, तुम्ही तिच्याशी मालवणीतच बोला, आणि गजाली सांगा. हो, गजालीच. गावच्या विहिरीची, पेजेची, आंब्यावरनं पडलेल्या मामाची. माका-तुका शिकली पोरगी तर काय बिघडणारे, दोन मराठ्या येतील तिला. आणि "त्यांना येत नाही" हे तिच्यासमोर कधी म्हणू नका, मुलं लगेच उचलतात, आजीला काही येत नाही असं एकदा डोक्यात बसलं की आजीकडून शिकणं संपलं. सातवी म्हणजे त्या काळातली सातवी बघ, त्यांना पाढे किती येतात ते विचार एकदा नवऱ्यासमोर. औटकीपर्यंत (साडेतीनचा पाढा ग) येत असले तर मला आश्चर्य नाही वाटणार.

टीव्ही एकदम बंद नाही होणार, मला माहितीये, त्यांनाही दुपारी डोळा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको, कमी तितकं बरं, आणि झोप मात्र दहा ते तेरा तास हवी. तुझी मुलगी किती वाजता झोपते, अकरा? वर्कशीट गेलं की दहाला आण. दुपारचा तासभर टीव्ही राहू दे, जेवताना नको एवढंच बघ.

आणि तू दुपारी डबा खाताना काय करतेस, रील्स? (सगळेच बघतात, लाजू नको.) त्यातली दोन मिनिटं दे. आजीच्या फोनवर व्हॉइस नोट टाक, पण "जेवलीस का, होमवर्क केलंस का" नाही, गोष्टीचा एक तुकडा, आणि तो अर्धवट सोड. "आज गाडीत एका काकूंच्या पिशवीतून काहीतरी हललं, मी बघतेच आहे, आणि आतून बाहेर आलं..." आणि पुढे काय आलं असेल ते तू मला पाठव. तिची नोट येईल बघ, साप आला म्हणेल, डायनासोर आला म्हणेल, तू संध्याकाळच्या गाडीत ऐक. दोन मिनिटं गेली तुझी, आणि इकडे आजी-नात दुपारभर त्या पिशवीवर चर्चा करत बसतात.

रात्री घरी आलीस की "शाळेत काय केलं आज" विचारू नकोस. "काही नाही" येतं, जगातलं प्रत्येक मूल हेच उत्तर देतं. आधी तू तुझं सांग. साहेब ओरडले, पंखा बंद पडला, गाडी कळव्याला किती वेळ उभी राहिली. दोन दिवस ऐकेल, तिसऱ्या दिवशी स्वतःहून सांगेल, "आमच्या टीचर पण ओरडल्या." ह्यालाच म्हणतात वाक्यरचना, ह्यालाच म्हणतात घटनाक्रम, शाळेत नंतर ह्याचेच मार्क असतात.

झोपताना दहा मिनिटं पुस्तक, फोन दुसऱ्या खोलीत. तेच तेच पुस्तक आणेल रोज, आणू दे, पाठ झालं की ती तुला वाचून दाखवेल बोट फिरवत, चुकीचं बोट फिरवेल, तेही वाचणंच आहे. पुस्तकांना खर्च नको वाटला तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, मराठीत ढीगभर चित्रगोष्टी फुकट, ऑफिसात प्रिंट मारता आली तर मार चारदोन पानं, मी कोणाला सांगत नाही. ज्या दिवशी अगदीच त्राण नसेल त्या दिवशी नुसती चिऊकाऊची गोष्ट डोळे मिटून. ज्या दिवशी तेही नाही, त्या दिवशी नाही. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

आता जरा फोन नवऱ्याकडे दे. अहो, फी भरलीत ते बरोबर आहे, पण फी शाळेला दिलीत, मुलीला नाही. तुमची शिफ्ट बदलती म्हणजे आठवड्यातनं दोनतीनदा तरी तुम्ही दिवसा घरी असता, हे तुमच्या बायकोकडे नाहीये. तिला गाडीवर पुढे घेऊन शाळेत सोडता ना, त्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्या आहेत, आता तर मोठ्या देवनागरी अक्षरात लावणं सक्तीचंच आहे. रोज एक पाटी. तिच्या नावातलं पहिलं अक्षर कुठल्या दुकानावर आहे ते शोधायचं, सिग्नलला थांबलात की. रविवारी मंडईत तिच्या हातात दहाची नोट द्या, कोथिंबीर तिने घ्यायची, भाव तिने विचारायचा, मागे उभं राहून मधे बोलायचं नाही. सगळ्यात अवघड तेच आहे. आणि पुढच्या पीटीएमला तुम्ही जा, बायको नको. बाबा आला की टीचर जरा वेगळं बोलतात, हे असं असायला नको पण असतं.

पीटीएमला जायचं तर सगळ्यांमधे नाही, पाच मिनिटं वेगळी मागून घ्यायची, आणि रायटिंगबद्दल नाही विचारायचं. ती वर्गात बोलते का, कोणाबरोबर खेळते, सांगितलेलं ऐकून करते का, आणि काय करताना खूश असते, हे विचारायचं. ज्या टीचरला ह्याची उत्तरं देता येतात ती चांगली टीचर आहे, तिचं बाकी बोलणं मनावर घ्या. डायरीत नम्रपणे लिहून द्या, वर्कशीट रविवारी सकाळी जमेल तेवढं करू, रोज रात्री जमणार नाही. शाळेतून काढून नाही टाकत कोणी एवढ्यावरून.

क्लास नको. फोनिक्स वाईट असतं म्हणून नाही, पण शाळा, मग क्लास, मग होमवर्क, पोरीने मातीत कधी खेळायचं? एक मात्र, मागून हाक मारली तर वळून बघते ना? पूर्ण वाक्यात बोलते ना, घराबाहेरच्या माणसाला तिचं बोलणं समजतं ना? ह्यात कुठे शंका असेल तर क्लासवाल्यांकडे न जाता आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा, कान तपासून घ्या, कित्येकदा "लक्ष देत नाही" म्हणतात ते पोराला ऐकूच कमी येत असतं. तुझ्या पत्रावरून तसं काही वाटत नाही, रात्री रडताना ती "आई तू रडू नको मी उद्या सरळ काढते" म्हणाली असं लिहिलंयस. पूर्ण वाक्य आहे ते, आणि त्यात उद्या पण आहे.

व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट कर, एक वर्ष. शाळेच्या सूचना वेगळ्या येतात.

दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई गावी जाणार असतील तर पोरीलाही पाठव जमलं तर, आठ दिवस. आणि त्या पिशवीतनं शेवटी काय बाहेर आलं ते मला कळव.